कच्च्या संघासमोर हात राखून खेळावं का?

प्रश्न एका तरुण क्रीडाशिक्षकांचा आहे. थोडक्यात सांगते. तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत ते शिकवतात. त्यांचा १४ वर्षांखालील मुलींचा खो-खो संघ गेली काही वर्षं तालुक्यात पहिला येतो. यंदा पहिल्याच फेरीत एका वाडीवरच्या शाळेशी गाठ पडली. त्या मुली पहिल्यांदाच स्पर्धेला आल्या होत्या. यांनी पहिल्या डावात २४ गडी टिपले, समोरच्यांना एक मिळाला. दुसऱ्या डावात यांनी आणखी २२ टिपले. सामना ४६-३ असा संपला. त्यांच्या दोन मुली मैदानातच रडायला लागल्या. त्यांचे सर म्हणाले, "जरा हळू घ्यायचं होतं." मुख्याध्यापकांचंही तेच मत पडलं. मुलींना हात राखून खेळायला सांगायला हवं होतं का, असं ते विचारतात.

सर, आधी सरळ उत्तर देते. मुलींना "सोडून द्या" असं कधीही सांगू नका. पण त्या दिवशी चूक झाली हेही खरं आहे, आणि ती तुमची आहे, मुलींची नाही. त्या धावल्या, त्यांनी खो दिले, गडी टिपले. त्यांचं कामच ते होतं. सामना किती वेळ चालवायचा हे ठरवणं तुमच्या हातात होतं आणि तिथे तुम्ही चुकलात.

तुम्ही लिहिलंय की नाणेफेक जिंकून तुम्ही आधी आक्रमण, म्हणजे गडी टिपायची पाळी, घेतलं. पहिल्या डावाअखेर, म्हणजे दोन्ही संघांची आक्रमणाची एकेक पाळी झाल्यावर, २४-१. आता नियम आठवा. आधी आक्रमण केलेल्या संघाकडे पहिल्या डावानंतर नियमात ठरलेली आघाडी असेल, तर तो समोरच्या संघाला फॉलोऑन देऊ शकतो. म्हणजे त्यांनी लगेच पुन्हा आक्रमण करायचं. त्या आक्रमणातही त्यांना तुमची आघाडी ओलांडता आली नाही, तर सामना तिथेच संपतो आणि तुम्ही एक डाव राखून जिंकता. क्रिकेटमुळे आपल्या डोक्यात फॉलोऑन म्हणजे समोरच्याची नामुष्की असं बसलंय. खो-खोत कच्च्या संघासाठी ती सुटका असते. त्यांना पुन्हा संरक्षणाला उतरावं लागत नाही. उलट आणखी सात मिनिटं हातात खो घेऊन पळायला मिळतं, आणि नवख्या मुलींना खरी गंमत त्यातच वाटते.

तुम्ही फॉलोऑन दिला नाहीत. का, तर "आमच्या मुलींना आक्रमणाचा सराव मिळावा म्हणून". हे वाचून मी जरा थांबले. सराव आपल्या मैदानावर करायचा असतो. समोरच्या शाळेच्या मुली त्यासाठी टेम्पोत बसून आलेल्या नसतात.

ज्यांनी खो-खो जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, म्हणजे त्या मुली का रडल्या ते कळेल. संरक्षण करणारे नऊ गडी तीन-तीनच्या तुकड्यांनी मैदानात येतात. एक तुकडी बाद झाली की दुसरी लगेच आत. नवाच्या नऊ बाद झाले तर पाळी संपत नाही. पहिली तुकडी त्याच क्रमाने पुन्हा आत येते. क्रिकेटमध्ये सगळे बाद झाले की निदान तंबूत जाऊन बसता येतं. इथे २४ गडी बाद झाले म्हणजे नऊ मुली दोनदा बाद होऊन, पुन्हा उतरून, त्यातल्या सहा जणी तिसऱ्यांदा बाद झाल्या. धाप लागलेली, ढोपर सोललेलं, आणि बाजूला उभं राहून श्वास घेईपर्यंत पंचांची शिट्टी वाजते, पुन्हा आत. दुसऱ्या डावात तेच पुन्हा. हरण्याचं दुःख इतकं नसतं. घड्याळ संपत नाही याचं असतं.

आता "सोडून द्या" का म्हणायचं नाही ते सांगते. हे मी पुस्तकात वाचून बोलत नाही. मी स्वतः ते एकदा केलंय.

प्रशिक्षक म्हणून माझं दुसरं की तिसरं वर्ष होतं. जिल्हा पातळीवरचा सामना, समोर दुष्काळी भागातल्या एका शाळेचा संघ. अर्ध्या मुली अनवाणी. पहिल्या पाळीत आम्ही त्यांना अक्षरशः झाडून काढलं. प्रेक्षकांतून कुणीतरी "अहो, लेकरं आहेत ती!" असं ओरडलं आणि मला लाज वाटली. दुसऱ्या पाळीआधी मी माझ्या मुलींना गोल करून सांगितलं, "आता जरा सोडा. जवळ गेलात तरी हात लावू नका." त्यांनी ऐकलं. समोरची कप्तान, काटकुळी, लांब वेणीची मुलगी, चार मिनिटं टिकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं, आपण चांगलं काम केलं.

सामना संपल्यावर ती मुलगी माझ्याकडे आली. तिने विचारलं, "बाई, पहिल्या वेळी मी आत गेल्या गेल्या बाद झाले होते. मग दुसऱ्या वेळी चार मिनिटं कशी टिकले?" मी म्हटलं, "तू छान खेळलीस." तिने माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे पाहिलं. माझ्या मुलीने खाली पाहिलं. त्या पोरीने मान हलवली आणि गेली. तिला सगळं कळलं होतं.

पहिल्या पाळीतले ते मोजके सेकंद तिचे स्वतःचे होते. पुढच्या सामन्यात ती वीस सेकंद टिकली असती तर दुप्पट झाले म्हणून घरी सांगू शकली असती. मी तिला चार मिनिटं दिली आणि मोजायची पट्टीच काढून घेतली. आपण पुढे गेलो की नाही हे तिला आता कळणार कशावरून? आज इतक्या वर्षांनंतरही कुणी "हळू घ्या" म्हटलं की मला ती वेणी दिसते.

नुकसान माझ्या मुलींचंही झालं. खो-खोत सूर मारायचा तर अंग पूर्ण झोकून द्यावं लागतं. शेवटच्या पावलाला वेग कमी केला की छाती घसरण्याऐवजी आपटते, हनुवटी फुटते. हात पुढे करायचा पण लावायचा नाही असं आठवडाभर जरी केलं, तरी पुढच्या चुरशीच्या सामन्यात नेमका हात अर्ध्या वितीने कमी पडतो. त्या जिल्हा स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात माझी सगळ्यात भरवशाची आक्रमक खांबाजवळ दोनदा कचरली. आम्ही दोन गुणांनी हरलो. त्या पराभवाला फक्त तेच कारण होतं असा माझा दावा नाही. पण ती मला म्हणाली, "ताई, हात आपोआप थांबला." खेळाडूला एकदा थांबायला शिकवलं की कुठे थांबायचं आणि कुठे नाही हे शरीराला वेगळं सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मुलींना "सोडा" म्हणणं म्हणजे दया दाखवायचं ओझं बारा-तेरा वर्षांच्या पोरींवर टाकणं. किती सोडायचं, कुणाला सोडायचं, सोडलं हे कळू न देता कसं सोडायचं, हा हिशेब मोठ्या माणसांनाही धड जमत नाही. तो मोठ्यांनी स्वतःकडे ठेवावा.

मोठ्यांच्या हातात काय असतं? फॉलोऑन झाला. दुसरं म्हणजे, आक्रमण करणारा संघ आपली पाळी वेळेआधी संपवू शकतो. क्रिकेटमध्ये डाव घोषित करतात तसंच. कप्तानाने पंचांना सांगायचं आणि पंचांनी शिट्टी दिली की पाळी संपली. ही तरतूद नियमांतच आहे, पण शालेय स्पर्धांत ती वापरलेली मी फार कमी वेळा पाहिली आहे. आपल्याकडे घड्याळ संपेपर्यंत गडी टिपत राहायचं अशीच सवय आहे. तुमच्या सामन्यात चौथ्या मिनिटाला, पंधरा-सोळा गडी झाल्यावर, पाळी सोडली असती तर काय बिघडलं असतं? आणि यात खोटेपणाचा अंशही नाही. जितका वेळ खेळलात तितका वेळ जीव तोडून खेळलात. समोरच्या मुलीला कुणी फसवलेलं नसतं.

कुस्तीने हे केव्हाच नियमात बसवलंय. मॅटवरच्या फ्रीस्टाइल कुस्तीत १० गुणांची आघाडी झाली की पंच लढत थांबवतात, ग्रीको-रोमनमध्ये ८ गुणांना. हरलेल्या पैलवानाला कुणी "तुझ्यावर दया केली" असं म्हणत नाही. तांत्रिक गुणाधिक्याने हरला, एवढंच. जिंकणाऱ्यानेही एकही डाव हात राखून टाकलेला नसतो. लहान वयोगटाच्या खो-खोत असा काही आपोआप लागू होणारा नियम असावा, असं माझं ठाम मत आहे. तोवर तो प्रशिक्षकांनी स्वतःच पाळायचा.

तुम्ही पत्रात भारताच्या मुलींचं उदाहरण दिलंय. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं. "त्यांनी कुठे हात राखला?" असं तुमचं म्हणणं. मुद्दा रास्त आहे, पण दोन फरक लक्षात घ्या. विश्वचषकात गुण देण्याची पद्धत शालेय खो-खोसारखी नव्हती, एका गड्यामागे एकापेक्षा जास्त गुण होते, त्यामुळे आकडा आपल्या सवयीपेक्षा फुगलेला दिसतो. आणि मोठा फरक म्हणजे कोरियाच्या मुली आपल्या देशासाठी खेळायला आलेल्या मोठ्या खेळाडू होत्या. आपण कुठे येतोय, कुणासमोर उभं राहतोय हे त्यांना माहीत होतं. जगातला सगळ्यात चांगला खो-खो पूर्ण वेगात कसा दिसतो हे बघायलाच त्या आल्या होत्या. तो त्यांना अर्ध्या वेगात दाखवला असता, तर विमानाचं भाडं खर्चून येण्यात काय अर्थ होता? अंतिम सामन्यात नेपाळविरुद्ध ७८-४० झालं. दोन संघांतलं अंतर तिथे केवढं कमी होतं ते बघा. पूर्ण ताकदीने खेळले गेलेले सामनेच हे अंतर खरं सांगतात.

त्याहून बोलकं उदाहरण कबड्डीचं. आशियाई स्पर्धेत १९९० पासून २०१४ पर्यंत प्रत्येक वेळी पुरुषांचं सुवर्ण भारताचं होतं. २०१६ च्या अहमदाबादच्या विश्वचषकात आपण अर्जेंटिनाला ७४-२० आणि इंग्लंडला ६९-१८ असं हरवलं. त्याच स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने मात्र आपल्याला ३४-३२ असा दणका दिला होता. मग २०१८ चं जकार्ता. गटात पुन्हा कोरियाकडून २३-२४ अशी हार, उपांत्य फेरीत इराणकडून हार. सुवर्णाची मालिका तुटली. हे संघ वर कसे आले? आपण त्यांच्यासमोर हात राखला म्हणून तर नक्कीच नाही. त्यांचे खेळाडू आपल्या प्रो कबड्डीत येऊन आपल्याच मुलांबरोबर रोज घाम गाळत होते. कोरियाचा जांग कुन ली बंगाल वॉरियर्सकडून खेळला, इराणचा फझल अत्राचली यू मुंबाकडून.

त्याच जकार्तात महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ हरवलं, आणि इराणच्या त्या मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्याकडे अनेकांना तेव्हा वाईट वाटलं, काहींनी तर नको ते बोलून घेतलं. मला त्या बाईंचा फार अभिमान वाटला. दुबळ्या संघाला मदत करायची तर ती अशी. सामन्याच्या वेळी गुण सोडून द्यायचे नाहीत. सामन्याच्या आधी आणि नंतर जाऊन शिकवायचं. माझं सगळं म्हणणं यात येतं, सर. याच्याकडे मी शेवटी पुन्हा येते.

आधी कल्याणच्या एका क्रिकेट सामन्याबद्दल बोलते, कारण लहान मुलांच्या बाबतीत खरा प्रश्न तिथे दिसतो. जानेवारी २०१६, आंतरशालेय भंडारी चषक, १६ वर्षांखालील क्रिकेट. एका बाजूचा डाव ३१ धावांत आटोपला. मग दुसऱ्या बाजूने ३ बाद १४६५ धावा केल्या आणि त्यात प्रणव धनावडे या रिक्षाचालकाच्या मुलाने नाबाद १००९. पहिल्या दिवशी तो ६५२ वर नाबाद होता, म्हणजे १८९९ मधला कॉलिन्सचा ६२८ धावांचा जुना विक्रम त्याने तेव्हाच मोडला होता. दुसऱ्या डावात समोरचे ५२ धावांत बाद. एक डाव आणि १३८२ धावांनी विजय.

त्या मुलाला मी एका शब्दानेही दोष देणार नाही. त्याला बॅट दिली, खेळ म्हटलं, तो खेळला, आणि सव्वातीनशे चेंडू तसं खेळत राहायला ताकद लागते, एकाग्रता लागते. पण क्षेत्ररक्षण करणाऱ्या त्या अकरा लहान, नवख्या पोरांचा विचार मी आजही करते. पहिल्या दिवसअखेर विक्रम झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव घोषित केला असता तर काय गेलं असतं? एक चार आकडी संख्या गेली असती, हे मान्य. कुणी म्हणेल, इतिहास गेला असता. ही ओढ मला कळते. माझ्या एखाद्या मुलीच्या पुढ्यात असा विक्रम आला असता तर मी काय केलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण एवढं सांगेन, की आपण तो निर्णय विक्रमासाठी घेतोय, खेळासाठी नाही, हे मोठ्यांनी तेव्हा स्वतःशी कबूल केलं पाहिजे. आणि इतक्या लहान वयात डोक्यावर आलेला तो हजाराचा आकडा त्या मुलालाही हलका गेला नाही.

याच्या उलट बाजूचीही एक गोष्ट आहे, आणि ती पुण्यातच घडली. डिसेंबर १९४८, रणजी करंडक, पूना क्लबचं मैदान. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम अवघ्या ९ धावांवर. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. काठियावाडच्या कप्तानाने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, पुढे खेळायला नकार दिला आणि सामना सोडून दिला. निंबाळकरांना पुढे कसोटीही खेळायला मिळाली नाही. ही गोष्ट मी माझ्या मुलींना नेहमी सांगते, कारण हरणाऱ्या बाजूचंही काही कर्तव्य असतं. मैदान सोडून जाणं हा त्यावरचा उपाय नव्हे. ते मोठे, जाणते खेळाडू होते, विक्रम नऊ धावांवर होता, दोन षटकांचा प्रश्न. काठियावाडने मैदानावर उभं राहायला हवं होतं. कल्याणला मी डाव घोषित करा म्हणते आणि पुण्यात खेळू द्या म्हणते, यात तुम्हाला विसंगती दिसेल. मला दिसत नाही. समोर कोण उभं आहे, किती वयाचं आहे, स्वतःच्या मर्जीने उभं आहे की शाळेने आणून उभं केलंय, यावर सगळं ठरतं.

आता व्यवहाराचं बोलू. तुमच्या संघाला पुढच्या वर्षीही अशी पहिली फेरी मिळणार. मी काय करते ते सांगते, त्यातलं पटेल ते घ्या.

समोरचा संघ नवखा आहे हे सरावाच्या उड्यांवरूनच कळतं. तेव्हाच मी कप्तानाला बाजूला घेऊन ठरवते की इतके गडी झाले की पाळी सोडायची. हे फक्त तिला आणि मला माहीत असतं. संघाला आधी सांगितलं तर मुली त्या आकड्यापर्यंत घाई करतात आणि मग ढिल्या पडतात. बाराच्या बारा मुलींना खेळवते. नऊ जणींत राखीव तिघींना घालून नेहमीच्या तिघींना बाहेर बसवते. राखीव मुली जीव तोडूनच खेळतात, त्यांना वर्षभरात संधीच मिळालेली नसते. इथे कुणी हात राखत नाही, आणि अंतर आपोआप कमी होतं.

शिवाय आपल्याच मुलींना अवघड काम द्यायचं. सूर मारायचा नाही, पळून आणि खो देऊनच गडी कोंडायचा. किंवा खांबावरच टिपायचं. यात आणि "सोडून द्या" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोडताना मुलगी जे करू शकते ते करत नाही. अवघड काम दिलं की जे तिला अजून नीट जमत नाही ते ती पूर्ण जोर लावून करते. समोरच्या धावणाऱ्या मुलीला खरंच जास्त वेळ मिळतो आणि तो तिने मिळवलेलाच असतो. हो, एक काळजी घ्या. हे काम बाहेरून दिसता कामा नये. डाव्या हाताने टिपा, उलटं पळा, असले प्रकार चेष्टा वाटतात, आणि ती चेष्टाच असते.

जल्लोषाबद्दल माझा नियम कडक आहे. पाळी संपल्यावर एकदा टाळी, बस. गडी बाद झाला की तिच्या तोंडावर ओरडायचं नाही. तुमच्या मुलींनी मोबाइलवर "धुलाई" असं स्टेटस ठेवलं असं तुम्ही लिहिलंय. ते काढायला लावलंत, छान केलंत. पण ते पुरेसं नाही. माझ्या मुलींनी असं केलं असतं तर मी त्यांना समोरच्या संघातल्या तीन मुलींची नावं विचारली असती. सांगता आली नसती, तर पुढच्या वेळी नावं विचारून या म्हटलं असतं. जिचं नाव माहीत आहे तिची धुलाई केली असं लिहायला बोट रेटत नाही.

संयोजकांकडेही थोडं बघायला हवं. २००१ मध्ये फुटबॉलच्या विश्वचषक पात्रता सामन्यात ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआला ३१-० हरवलं, एकट्या आर्ची थॉम्पसनने १३ गोल केले. त्यावर जगभर चर्चा झाली, आणि पुढे ओशनिया विभागात कमजोर देशांसाठी आधी वेगळी प्राथमिक फेरी ठेवली गेली. आपल्या तालुक्याला हे जड नाही. पहिल्यांदा येणाऱ्या शाळांचा वेगळा गट करायचा, त्यांना आपापसांत दोन-तीन सामने द्यायचे, मग विजेत्यांनी मुख्य गटात यायचं. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या या हट्टापायी नवी शाळा अर्ध्या तासात घरी जाते आणि पुढच्या वर्षी येतच नाही. तालुका क्रीडा समितीच्या बैठकीत हे मांडा. चार वर्षं जिंकणाऱ्या शाळेने मांडलं तर ऐकतील, हरणाऱ्याने मांडलं तर रडगाणं म्हणतील. आणि गटसाखळीत बरोबरी झाल्यास गुणफरक बघायचा हा नियम लहान वयोगटात तरी काढून टाकायला सांगा. तो नियम असेल तर प्रशिक्षक पाळी सोडणार कसा? मग गडी टिपत राहणं त्याला भागच पडतं.

त्या अमेरिकन सामोआच्या संघाचं पुढे काय झालं तेही सांगते. २०११ मध्ये त्यांनी टोंगाला २-१ हरवलं. जागतिक महासंघाच्या मान्यतेच्या सामन्यातला तो त्यांचा पहिला विजय. गोलरक्षक तोच, निकी सालापू, ज्याने दहा वर्षांपूर्वी ३१ गोल खाल्ले होते. तो खेळत राहिला म्हणून तिथवर आला. तुमच्यासमोर रडणाऱ्या त्या दोन मुली खेळत राहतात की नाही, हे आता बघायचं.

म्हणून त्यांच्या सरांना आजच फोन करा. माफी मागू नका, त्यांनाही अवघडल्यासारखं होईल. म्हणा, "सर, तुमची तिसऱ्या तुकडीतली ती मुलगी चांगली हुलकावणी देते. पुढच्या शनिवारी आम्ही तुमच्याकडे येतो, दोन्ही शाळांच्या मुली मिसळून खेळवू." अर्ध्या तुमच्या, अर्ध्या त्यांच्या, असे दोन संघ करा. तुमची कप्तान त्यांच्या कप्तानाच्या शेजारी पाटीवर बसू दे. खो कधी द्यायचा, तोंड कुठे करून बसायचं, उठताना पाय कुठला पुढे टाकायचा, हे तेरा वर्षांची मुलगी दुसऱ्या तेरा वर्षांच्या मुलीला जितकं पटकन शिकवते तितकं आपल्याला कधी जमत नाही. नावंही कळतील.

त्यांच्या मैदानावर खांबच नाहीत, दोन्ही टोकांना विटा रचून खेळतात, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. मग त्या मुली तुमच्या मुलींना खांबावर सापडणारच होत्या, खांबाभोवती वळायचं कसं हे त्यांनी कधी केलेलंच नाही. जाताना दोन खांब घेऊन जा. सुताराला सांगा, जमिनीच्या वर १२० सेंटिमीटर राहील एवढी उंची हवी, पुरायला दीड-दोन फूट वेगळे धरा. जाडी ९ ते १० सेंटिमीटर. वरची कड कानशीने नीट घासून घ्या, कुठेही कुसळ राहू देऊ नका. गिरकी घेताना मुली तिथेच हात टेकतात.